दोन दिवस श्रमदान, माणशी ७०० रुपये : आठ महिने थांबून लिहिलेला रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

खरं तर हा रिव्ह्यू मी नोव्हेंबरातच लिहिणार होते, परत येताना लोकलमध्ये अर्धा टाइप पण केला होता, तो परवा उघडून वाचला आणि माझी मलाच लाज वाटली, सगळं नुसतं 'भारी अनुभव' आणि 'मुलांना नक्की न्या' आणि सूर्यास्ताचे तीन फोटो. मिक्सर घरी आला त्याच संध्याकाळी पाच स्टार देणारे लोक मला आवडत नाहीत, अहो चटणी चार वेळा वाटून तरी बघा. म्हणून थांबले. फेब्रुवारीत परत गेले, मेमध्ये गेले, आणि आता जुलै चालू आहे, बाहेर धो धो पडतोय, तेव्हा लिहायला बसलेय.

तर हे आहे काय. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. शहापूर तालुक्यात आतल्या बाजूला एक बाजाराचं गाव आहे, धड खेडं नाही आणि धड शहरही नाही, एसटी स्टँड, हायस्कूल, एक बँक, दोन मेडिकल आणि आठवडी बाजार एवढा पसारा. तिथल्याच लोकांचा एक ग्रुप आहे, हायस्कूलचे एक सर, एक अंगणवाडीताई, एक वेल्डिंगवाले काका आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आठ-दहा पोरं. हे लोक गावातली छोटी छोटी कामं स्वतः करतात आणि वर्षातून चार-पाच वेळा बाहेरच्यांना दोन दिवस हाताखाली बोलावतात. ग्रुपचं आणि गावाचं नाव लिहीत नाहीये कारण सरांनीच सांगितलंय नको म्हणून, मागे एकाने रील टाकली तर पुढच्या रविवारी चाळीस बाइकवाले बंधाऱ्यात डुंबायला हजर. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी माहुली किल्ल्यावर नेहमी जाणाऱ्या ट्रेकवाल्यांना विचारा, त्या बाजूला कोण काय करतं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

७०० रुपयांत काय मिळतं तर आसनगाव स्टेशनवरून गाडी, दोन दिवस जेवण, चहा, झोपायला हायस्कूलचा वर्ग आणि सतरंजी. पांघरूण आपलं. मला आधी वाटलं होतं की मेहनत पण आम्हीच करायची आणि पैसे पण आम्हीच द्यायचे हा कुठला न्याय, नवऱ्याने तर 'मजुरी उलटी' असं नावच ठेवलं होतं. पण तिथे हायस्कूलच्या व्हरांड्यात एक फळा आहे, त्यावर खडूने जमा-खर्च लिहिलेला असतो, रिकाम्या गोण्या एवढ्या, सुतळी एवढी, डिझेल एवढं, जेवण करणाऱ्या बचत गटाच्या बायकांना एवढे, शिल्लक एवढी. दर बाजाराच्या दिवशी पुसून नवा लिहितात. आमच्या सोसायटीत मेंटेनन्सचा हिशोब मागितला की सेक्रेटरी असं बघतात जसं काही मी त्यांची किडनी मागतेय, त्यामुळे हा फळा बघून मी ७०० च्या वर अजून ३०० ठेवले, आणि ते पण संध्याकाळी फळ्यावर आले, 'एक ताई, ठाणे, ३००'.

आता मुख्य काम, वनराई बंधारा. शाळेत वाचलं असेल सगळ्यांनी, मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव पडलं, पण वाचणं वेगळं आणि कंबर मोडणं वेगळं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतात, त्यात तिथलीच माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि ओहोळात आडव्या थरावर थर लावायच्या, विटांसारख्या सांधे चुकवून, मधे चिखल थापून फटी बुजवायच्या. बस. सिमेंट नाही, लोखंड नाही, इंजिनिअर नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो ना, मलाही वाटला होता.

मी पहिली गोणी भरली ती तोंडापर्यंत गच्च, एकदम शाबासकीच्या अपेक्षेने. शेजारी एक आजी दाभणाने गोण्या शिवत होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, 'बाय, येवढी नको भरू, फुगली का बसत नाय ती.' आणि पाव माती बाहेर काढायला लावली. नंतर लक्षात आलं, गच्च गोणी गोल होते आणि दुसऱ्या गोणीवरून घसरते, पाऊण भरलेली सपाट बसते आणि वरून वजन आलं की आजूबाजूच्या फटीत स्वतःच पसरते. तीस वर्षं नोकरी करणाऱ्या माणसाला जे शिकवायला ट्रेनर येतात आणि दिवसभर स्लाइड दाखवतात ते त्या आजींनी एका वाक्यात उरकलं. दाभण मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही, दोनदा बोटात घुसलं, तिसऱ्यांदा आजींनीच काढून घेतलं आणि मला घमेली उचलायला पाठवलं. म्हणजे डिमोशनच.

नवरा रोज जिमला जातो म्हणून थोडा हवेत होता. अकरा वाजता गोण्यांच्या रांगेत उभा राहिला, साडेबाराला सावलीत आडवा. तिथली पोरं धावण्याच्या सरावाला रोज पहाटे उठतात, ती हसत होती पण तोंड फिरवून, एवढं सौजन्य होतं. आमचे चिरंजीव, वय वर्षं तेरा, पहिले दोन तास रेंज शोधत फिरले आणि मग ओहोळात खेकडा दिसला तेव्हापासून जे पाण्यात गेले ते संध्याकाळी ओढून काढावे लागले. काम किती केलं विचारू नका.

मी सरांना विचारलं की हे नोव्हेंबरातच का, पावसाळ्याच्या आधी का नाही बांधत. ते म्हणाले आधी बांधलं तर पहिल्याच पुरात गोण्या भातसा धरणात पोचतील. पाऊस पूर्ण थांबला पाहिजे पण ओहोळ अजून वाहता पाहिजे, हा मधला महिना-दीड महिनाच काय तो, आणि नेमक्या त्याच वेळी गावाचे हात शेतात असतात, भातकापणी, बांधणी, झोडणी. ती संपते तोवर ओहोळाची धार बारीक झालेली. शिवाय कापणी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात ती मे अखेरीपर्यंत येत नाहीत. म्हणून बाहेरचे हात. मला हे फार पटलं, कारण तोवर डोक्यात थोडं असं होतंच की आपण शहरातली शहाणी माणसं येऊन गावाला काहीतरी देतोय. आपण काही देत नाही, आपण भातकापणीतल्या माणसांच्या जागी बदली कामगार म्हणून जातो, आणि तेही अर्ध्या ताकदीचे. सर म्हणाले गावातली वीस माणसं जो बंधारा एका दिवसात उभा करतात त्याला तुम्हा पस्तीस जणांना दोन दिवस लागतात. चिडून नाही, हिशोब म्हणून म्हणाले.

पाण्याचं थोडं सांगते कारण तेच मनात जास्त बसलंय. या तालुक्यात पाऊस कमी नाही हो, अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर इंग्रजांच्या काळातलं, १८९२ चं. मुंबईला पाणी देणारे जे सात तलाव आहेत त्यांच्या एकूण साठ्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि आमच्या ठाण्यात नळाला येणाऱ्या पाण्यात पण भातसाचा हिस्सा आहे. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, उताराची जमीन, पाणी चार महिने धो धो येतं आणि मुरायला थांबतच नाही, वाहून जातं ते धरणात, आणि धरणातून पाइपातून आमच्याकडे. संध्याकाळी एक बाई मला सहज म्हणाली, 'ताई, तुम्ही भांडी घासता ते पाणी आमच्या दारावरूनच गेलेलं असतं.' टोमणा नव्हता, ती मला गावाची दिशा समजावत होती. मी मात्र घरी येऊन आधी किचनच्या नळाचा वॉशर बदलून घेतला, सहा महिने टपकत होता.

टीव्हीवर आपण पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा बघितलेली असते, २०१६ ते २०१९ मधली, भर उन्हात हजारो लोक चर खणताहेत, ड्रोनचे शॉट वगैरे. तसं काही डोक्यात ठेवून इथे जाऊ नका. इथे एक ओहोळ, तीन बंधारे, एक बावडी. हो, तिकडे विहिरीला बावडी म्हणतात. सगळा खटाटोप त्या एका बावडीसाठी, ती मार्चमध्ये तळाला जाते आणि मग दोन पाडे हंडे घेऊन लांब चालतात.

जेवण, पाचपैकी सहा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, शाकाहारींना वांगं-बटाटा. रात्री थंडीत चुलीपुढे बसून नाचणीची आंबील दिली, चिरंजिवांनी घरी ज्या नाचणीकडे ढुंकून बघितलं नसतं ती दोन वाट्या प्यायली. चहा मात्र इतका गोड की चमचा उभा राहील, सांगून ठेवा.

आता तो कापलेला स्टार. टॉयलेट. पस्तीस माणसांना शाळेची दोन, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, पाणी बादलीने आणायचं. मला समजतं की जिथे पाण्याचीच बोंब तिथे मी फ्लश मागू शकत नाही, आणि ते मागतही नाहीये, पण बायका बोलावता तर कडी लावा, वेल्डिंगवाले काका तुमच्याच ग्रुपात आहेत की. मी तोंडावर सांगितलं. फेब्रुवारीत गेले तर कडी लागली होती, मेमध्ये गेले तर आतमध्ये कपडे अडकवायला खिळा पण मारला होता. तरी स्टार परत देत नाही, टॉयलेट अजून दोनच आहेत.

फेब्रुवारीत मी एकटी गेले, ना श्रमदान ना काही, बाजाराच्या दिवशी रजा टाकून. बंधारा होता जागेवर! एका बाजूने थोडा झिरपत होता, पण मागे कमरेएवढं पाणी, त्यात बायका कपडे धूत होत्या, वरच्या अंगाला गुरं, आणि काठाने एकाने चवळी आणि मुळा लावलेला. आम्ही लावलेला थर मी लगेच ओळखला कारण तो वाकडा होता. नवऱ्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर 'तो माझा भाग नाही'.

त्याच दिवशी बाकीची कामं नीट बघितली, नोव्हेंबरात डोकं वर करायला वेळच नव्हता. एसटी स्टँडवर पोरांनी भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक रंगवलंय, मोठ्या अक्षरात, आणि जी गाडी बंद झाली तिच्यावर पांढरा पट्टा मारतात, नवी वेळ लिहितात. यात काय विशेष असं वाटेल, पण विचार करा, गावोगावच्या स्टँडवर तुम्ही वेळापत्रक बघितलंय का जे खरं असतं? बाजाराच्या दिवशी संध्याकाळी प्लॅस्टिक गोळा करायचं काम हायस्कूलच्या एनएसएसवाल्या... नाही, एनएसएस कॉलेजला असतं, ही स्काउटची मुलं, तर ती मुलं करतात, पण ते मला फारसं जमलेलं वाटलं नाही, पुढच्या आठवड्यात तेवढंच परत येतं. भाजीवाल्यांना पिशवी बंद करा म्हणून सांगणारं कोणी नाही कारण अर्धे भाजीवाले ग्रुपातल्यांचेच काका-मामा.

वाचनालय आहे. आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, त्यामुळे वाचनालय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कपाटं, जुना वास आणि कादंबऱ्या. इथे एक खोली, दोन ट्यूबलाइट, लांब टेबल, आणि पुस्तकं म्हणजे पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, चालू घडामोडी. रात्री अकरापर्यंत उघडं. घरात एका बल्बखाली सहा माणसं असतात तिथे अभ्यासाला टेबल मिळणं हीच चैन, असं एक पोरगी म्हणाली. आता ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना एक हात जोडून विनंती, घरातली रद्दी 'दान' म्हणून पाठवू नका. त्या खोलीच्या कोपऱ्यात दोन पोती भरून आपल्याकडून आलेलं ज्ञान पडलंय, दहा वर्षांपूर्वीचे सिलॅबस, अर्ध्या वापरलेल्या डायऱ्या, एका बँकेची कॅलेंडरं आणि एका महाभागाने तर वॉशिंग मशीनचं मॅन्युअल पाठवलंय. इंग्रजीत.

आणि झाडं. हा भाग लिहू की नको असं झालं होतं पण रिव्ह्यू आहे तर लिहिते. आम्ही गेलो त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एका कंपनीचे लोक बस करून आले होते, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, स्मशानाच्या रस्त्याला अडीचशे रोपं लावली, बॅनर लावला, फोटो काढले, चार वाजता बसमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाही, चांगल्या मनानेच आली असतील माणसं. मी फेब्रुवारीत मोजली तर उभी एकोणीस. गुरांनी खाल्ली काही, बाकी वाळली, कारण पाणी घालणार कोण आणि कुठलं पाणी. बॅनर मात्र एका गोठ्यावर ताडपत्री म्हणून अजून टिकलाय. ग्रुपच्या लोकांनी त्यातून एक केलं, या वर्षी फक्त तीस रोपं, जांभूळ, करंज, बहावा, मोह, आणि प्रत्येक रोप एका घराला वाटून दिलं, रस्त्याला नाही, त्या घराच्याच अंगणाकडेला, भांडी धुतलेलं पाणी जाईल तिथे. बाहेरच्यांना झाडं लावायला आता देतच नाहीत. विचारलंत तर सर हसून म्हणतात गोण्या भरा.

मेमध्ये गेलो तेव्हा अंगाची लाही होत होती. ओहोळ कोरडा, बंधाऱ्यामागे भेगा पडलेली माती. मला वाईट वाटलं, मी तसं बोलून पण दाखवलं, तर त्याच आजी भेटल्या, म्हणाल्या दरसाल मार्चात बावडीला तळ दिसायचा, या वर्षी एप्रिलच्या अखेरीपर्यंत पाणी पुरलं. म्हणजे सव्वा महिना, फार तर दीड. मग टँकर आलाच, मी स्वतः बघितला, हंड्यांची रांग पण बघितली. कोणी तुम्हाला सांगेल की गाव पाणीदार झालं वगैरे तर ते खोटं आहे. दीड महिना झालं. त्या दीड महिन्यात सकाळचे दोन तास कोणाला चालावं लागलं नाही, ज्याला ते कमी वाटतं त्याने एकदा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन बघावा, मी घेतला, पन्नास पावलं गेले आणि अर्धा ओतला स्वतःच्या अंगावर.

आणि या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात बंधारा गेला. जाणारच असतो, एका मोसमाचंच आयुष्य त्याचं. फरक इतकाच की पाऊस लागायच्या आधी पोरांनी वरच्या दोन थरांच्या गोण्या काढून घेतल्या होत्या, धड असलेल्या धुवून ठेवल्या, फाटक्या बाजूला, म्हणजे प्लॅस्टिकचे तुकडे खाली वाहत जात नाहीत. सगळ्या निघाल्या नाहीत, थोड्या गेल्याच. पक्का सिमेंटचा बंधारा का नाही बांधत हे पण मी विचारलंय, त्याला सरकारी मंजुरी, निधी, जागा, सगळंच लागतं, अर्ज दिलाय म्हणे, तोवर गोण्या.

कोणी जावं, तर ज्यांना हात मळवायचे आहेत आणि तिथल्या माणसाने 'असं नाही, असं' म्हटलेलं ऐकून घेता येतं त्यांनी. टीम आउटिंग म्हणून जाऊ नका, त्यासाठी येऊरला रिसॉर्ट आहेत. लहान मुलं चालतील पण सहाच्या आतली नकोत, ओहोळ आहे. पाठीचा त्रास असेल तर शिवायच्या कामाला बसा, पण बोटं सांभाळून.

व्यावहारिक गोष्टी. आसनगाव किंवा कसारा लोकल पकडा, ठाण्याहून साधारण सव्वा तास, शनिवारी सकाळी बसायला जागा मिळते पण परतीला रविवारी संध्याकाळी ट्रेकवाले आणि त्यांच्या सॅकी, उभं राहायची तयारी ठेवा. जुने बूट न्या जे परत आणायचे नाहीत. टॉर्च, पांघरूण, स्वतःची पाण्याची बाटली, आणि हो, भरून न्या, तिथे जाऊन भरू नका. ओडोमॉस. रोख पैसे, रेंज असेल तर जीपे चालतं पण रेंज नसते.

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, सरांनी आत्ताच गोण्या गोळा करायला सांगितल्यात. ठाण्यात कुठे बांधकाम चालू असेल तर वॉचमनला विचारून रिकाम्या सिमेंटच्या गोण्या उचला, आमच्या गल्लीत दोन बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला गेल्यात तिथून माझ्या एकशे चाळीस जमल्या, बाल्कनीत ठेवल्यात आणि नवरा रोज शिंकतोय. फक्त आतून झटकून घ्या आणि फाटक्या घेऊ नका. सुतळी जांभळी नाक्यावर घाऊक मिळते, बारीक नको, जाडी घ्या, बारीक दाभणाच्या नेढ्यातून सटकते.